रफूची जागा

मॅडमनी माझ्या आईच्या खांद्यावरचा पदर उचलला आणि उलटा करून बघितला.

भर कार्यक्रमात. माझ्या पदवीदानाच्या दिवशी. आजूबाजूला चहाचे कप घेऊन माणसंच माणसं. आईला विचारलं नाही. 'बघू का' म्हटलं नाही. दुकानात टांगलेलं कापड बघावं तसा दोन बोटांनी पदर धरला, उलटवला, खिडकीच्या उजेडाकडे केला आणि हसल्या.

"हे बघा, रफू! मी म्हटलंच. ही माझी नारायणपेठी."

आई उभी होती. पदर मॅडमच्या हातात. हलली असती तर साडी सुटली असती, म्हणून ती हलली नाही.

मी हातभर अंतरावर होते. अंगात काळा गाऊन, डोक्यावर ती चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद. पहिल्या वर्गात पास. तोंडात जीभ होती माझ्या. ती मी वापरलीसुद्धा, पण कुठं वापरली ते पुढं सांगते. लाज वाटते, तरी सांगणार आहे.

आधी आईचं सांगते. माझी आई बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात स्टीलची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. आम्ही हैदराबादेत, गौलीगुड्यात एका खोलीत राहायचो. माणसं दोनच, ती आणि मी. बाप मी दुसरीत असताना गेला. बाकी सगळी खोली गाठोड्यांची. झोपायचो गाठोड्यांना टेकून, अभ्यास करायचा गाठोड्यावर वही ठेवून. सगळ्या शहराच्या घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास आमच्या घरात. शाळेत माझ्या शेजारी बसणारी पोरगी नाकाला रुमाल लावायची. मी म्हणायचे सर्दी झालीय तिला.

आई सकाळी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन निघायची. "पात बट्टलू, स्टील सामान्लू!" जुने कपडे द्या, भांडी घ्या, असं तेलुगूत ओरडत. दार उघडलं की बाई बघून भाषा बदलायची. आमच्यात गल्ल्या वाटून घेतलेल्या असतात. चिक्कडपल्ली आईची. आबिड्सची बाजू तिच्या बहिणीची, शांतामावशीची. एकीनं दुसरीच्या गल्लीत पाय टाकायचा नाही. चिक्कडपल्लीत जुनी मराठी घरं बरीच. आई म्हणायची, "आपली भाषा बोलणारी बाई लई चिकट. दोन साड्या देईल आन् कुकर मागेल."

साडी हातात आली की आई ती उलटी करायची आणि उजेडात धरायची. विरलेलं, कसर लागलेलं, रफू केलेलं, सगळं उलट्या बाजूनं दिसतं. मी लहानपणी तिची नक्कल करायचे. एकदा मी मावशीच्या अंगावरच्या साडीचा काठ असाच उलटून बघितला. आईनं फाडकन हातावर मारलं. "अंगावरचं कापड उलटायचं नसतं. मावशी काय माल आहे का?"

तिचे नियम फार होते. मालातलं स्वतः नेसायचं नाही. कारण गल्लीत ओळखतात. आणि फुकट कुणाचं काही घ्यायचं नाही. बाया म्हणायच्या, घेऊन जा गं असंच, फाटकंच आहे. आई निदान एक चमचा तरी दारात ठेवून यायची. "वस्तूला वस्तू. आज फुकट घेतलं, तर उद्या तीच बाई म्हणते, जरा अंगण झाडून दे."

या धंद्यावर मी कॉलेजात गेले. तिथं मॅडम भेटल्या. त्या मराठी. तीन पिढ्या हैदराबादेत, वकिलांचं घराणं, चिक्कडपल्लीत स्वतःचं घर. पहिल्याच दिवशी हजेरीत माझं आडनाव वाचून म्हणाल्या, "अरे, आपली मुलगी!" मी हुरळले. खोटं कशाला बोलू, त्यांनी मला पुस्तकं दिली, फॉर्म भरायला मदत केली, माझं मराठी सुधारलं. 'नक्को' म्हटलं की म्हणायच्या, "नको म्हणावं गं, आपण काय चारमिनारला भाजी विकतो का?" मी हसायचे आणि नको म्हणायचे.

एकदा विचारलं, "आई काय करतात?"

मी म्हटलं, "कपड्यांचा व्यवसाय आहे."

"अरे वा! बुटीक?"

"तसंच."

तेव्हा न बघितलेल्या आईला त्या 'करतात' म्हणाल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

पदवीदानाची पत्रिका आली. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आणि खाली चौकटीत पाहुण्यांसाठी सूचना. मी आईला मराठीत सांगत गेले. पाहुण्यांनी औपचारिक आणि सौम्य पोशाखात यावं. भडक, चकाकते कपडे टाळावेत. पुरुषांनी लुंगीत येऊ नये. रबरी चपला नकोत.

आई म्हणाली, "हौला झालेत काय, येडे? शिकली तू, बोलावलं मला, आन् नेसायचं काय ते हे सांगणार?"

मग तिनं हसत हसत कपाटामागून एक पिशवी काढली. दुकानाची पिशवी. आत राणी रंगाची साडी. अंगभर चमकी, रुंद जरीचा काठ. माझ्या पदवीसाठी म्हणून बाजारात जाऊन, दुकानात गादीवर बसून, दहा साड्या उलगडायला लावून तिनं ती घेतली होती. दुकानदारानं तिला थंडा पाजला, हे तिनं मला तीनदा सांगितलं. आख्ख्या खोलीत तेवढी एकच साडी कोरी होती. तिच्याआधी कुणाच्या अंगाला न लागलेली.

आणि मी म्हटलं, "आई, ही नको. भडक आहे. लिहिलंय बघ पत्रिकेत."

'नक्को' नाही, 'नको' म्हटलं मी.

आईनं साडीवरून हात फिरवला. घडी मोडली होती ती परत घातली. पिशवीत ठेवली. मग साध्या आवाजात विचारलं, "तुझ्या मॅडम लोक काय नेसतात?"

"फिक्या रंगाची. सुती. साधीच, पण भारी."

"साधीच पण भारी," आई म्हणाली. "मग त्याचं तर ढीग पडलंय माझ्याकडं."

आता तिची अक्कल बघा. तिनं आधी विचारलं, मॅडम राहतात कुठं. मी म्हटलं चिक्कडपल्ली. तिनं चिक्कडपल्लीचं गाठोडं पायानं बाजूला सारलं. त्यातलं एक फडकंसुद्धा नको. मग मावशीला बोलावलं. मावशीनं आबिड्सच्या मालातून एक नारायणपेठी आणली. राखी रंग, वांगी काठ. पदराजवळ बोटभर रफू, पण इतकं बारीक की वरून कळणार नाही. आईनं बहिणीलाही फुकट घेतलं नाही. कोरं पातेलं दिलं. मावशी म्हणाली, "अगं, घरातल्या घरात?" आई म्हणाली, "घरातल्या घरात आधी."

मालातलं नेसायचं नाही हा नियम तिनं जन्मात एकदा मोडला. माझ्यासाठी. तेही गल्ली बघून, सावध राहून. तिला कसं कळावं की मॅडमचं माहेर आबिड्सच्या मागं आहे, आणि मॅडम जुन्या साड्या माहेरी नेऊन टाकतात.

कॉलेजच्या दारात छातीला बिल्ले लावलेली पोरं-पोरी उभी होती. पाहुण्यांना वरून खाली बघत होती. आमच्या पुढं एका मुलीचा बाप होता, पांढऱ्या स्वच्छ लुंगीत. त्याला बाजूला घेतलं. मुलगी तेलुगूत विनवत होती, गावाहून आलेत, रात्रभर बसमध्ये होते. तिचा बाप हात जोडून सगळ्यांना सांगत होता, मी इथंच थांबतो, तू जा अम्मा, तू जा. तेलुगूत लेकीलाही अम्माच म्हणतात. आईकडं बघून बिल्लेवाली म्हणाली, "प्लीज कम, आंटी." आम्ही पास झालो होतो. आई मागं वळून वळून त्या माणसाकडं बघत होती. मला मात्र बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

माझं नाव पुकारलं तेव्हा आईनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवल्या. एवढं चांगलं आठवतं त्या दिवसाचं. पुढचं सगळं चहाच्या वेळचं.

मॅडम आल्या. "ही तुझी आई का?" आणि बोलता बोलता त्यांचे डोळे साडीवर थांबले. मग तो पदर. तो उजेड. ते हसणं.

"कुठून घेतलीस गं तू ही?"

तू. माझी आई त्यांच्याहून वयानं मोठी होती.

आई म्हणाली, "बदल्यात."

"बदल्यात म्हणजे?"

"भांडं देऊन."

"अगं बाई! तू बोहारीण?" मग माझ्याकडं वळून, "आणि तू मला बुटीक म्हणाली होतीस!"

सगळे हसले. दुष्टपणानं नाही. गंमत म्हणून. गमतीनं हसलेलं जास्त लागतं, कारण त्यावर भांडताही येत नाही. मॅडम सगळ्यांना सांगत होत्या, माहेरी झोपाळ्याच्या कडीत अडकून कशी फाटली, रफूवाल्यानं किती बारीक टाके घातले. पदर अजून हातातच. माझी आई त्या गोष्टीत कुठंच नव्हती. नुसती साडी होती.

मग फोटोवाला आला. मॅडमना एकदम आठवलं. "अगं, हा फोटो सगळीकडं जाणार. आमच्या घरचे साडी ओळखतील, उगाच चर्चा. थांब." आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून आईपुढं धरली. "ही पांघर. राहू दे तुलाच."

मे महिना. आई म्हणाली, "नक्को, बाई. उकडतंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आईनंही बघितलं.

माझी जीभ मी इथं वापरली. मी म्हटलं, "आई, घे ना. तमाशा नको."

आईनं शाल घेतली. पांघरली. जन्मात पहिल्यांदा तिनं कुणाचं काही फुकट घेतलं, आणि ते मी घ्यायला लावलं. फोटोत ती गळ्यापर्यंत शालीत आहे. कपाळावरून घाम ओघळतोय. शेजारी मी हसतेय. दात दिसतायत माझे.

रिक्षात तिनं शाल काढली नाही. घरी येऊन काढली, झटकली, घडी घातली. भात टाकला. मला वाढलं. ती शिव्या देईल याची मी वाट बघत होते. तिला शिव्या येत होत्या, चार भाषांत. तिनं एकही दिली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. एक तरी शिवी दे ना गं, असं मी आजही मनात म्हणते.

आठवड्यानं मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "तुझी आई आली होती घरी. पायरीवर एवढा मोठा डबा ठेवून गेली, कडीचा. मी म्हटलं, अगं कशाला, शाल अशीच दिलीय. तर म्हणते, 'अशीच नक्को. आता शाल माझी झाली.' विचित्रच बाई आहे बघ!"

आणि त्या हसल्या. आणि मीही हसले.

ही दुसरी लाज. हे कुणालाच माहीत नाही. आईला तर नाहीच. ती जाईपर्यंत तिला वाटत राहिलं असेल की डबा देऊन तिनं माझी मान वर केली.

त्यानंतर ती माझ्या कुठल्याच कार्यक्रमाला आली नाही. एम.ए. झाले, नाही. याच कॉलेजात शिकवायला लागले, बोलावलं, नाही. "तू जा. मला गाठोडी लावायचीत." दारापर्यंत यायची, माझ्या साडीच्या निऱ्या बसून नीट करायची आणि आत जायची.

चार वर्षं झाली तिला जाऊन. ती गेल्यावर ट्रंक उघडली. शाल नव्हती. विकली होती तिनं. तिची होती, तिनं विकली. नारायणपेठी धुऊन घडी करून ठेवलेली. आणि दुकानाच्या पिशवीत ती राणी रंगाची साडी. कोरीच. मी म्हटलं होतं ना भडक, मग नेसलीच नाही. तीच मी तिला शेवटची नेसवली. मावशी आणि मी दोघींनी. चमकी हाताला टोचत होती. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. तिला लई शोभत होती हो ती. रंग सावळा तिचा, त्यावर राणी रंग काय दिसतो. मला आधी दिसलंच नाही.

तेव्हापासून आई माझ्या मागं आहे. कॉलेजात कार्यक्रम असला की शाल-श्रीफळ. पाहुण्याच्या खांद्यावर शाल टाकतात, टाळ्या वाजतात, आणि मला ओघळणारा घाम दिसतो. दुकानात मी कापड उलटून बघते आणि माझीच बोटं मला मॅडमची वाटतात. वर्गात एखादी पोरगी म्हणते, "माझी मदर बिझनेस करते," आणि मान खाली घालते. मी पुढं विचारत नाही.

या आठवड्यात पदवीदानाची बैठक झाली. मॅडम आता समितीच्या प्रमुख. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. सगळ्यांना कामं वाटून झाल्यावर माझ्याकडं वळल्या.

"गेटवर यंदा तू थांब. तुला सगळ्या भाषा येतात. पाहुण्यांचे कपडे बघायचे. नियमात बसत नसतील त्यांना मागच्या मंडपात पाठवायचं, तिथं स्क्रीन लावलाय. दुखवायचं नाही कुणाला. तू नीट सांगशील, तुला त्या लोकांची सवय आहे."

मी म्हटलं, "गेटवर थांबते. कपडे बघणार नाही."

"अगं, नियम आहे."

"असू दे. मी कुणाला मागं पाठवणार नाही."

"एवढं काय त्यात? सभ्य दिसावं, एवढंच ना."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हटलं, "मॅडम, माझ्या पदवीदानाला तुम्ही माझ्या आईचा पदर उलटून बघितला होता. सगळ्यांसमोर."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "कधी गं?"

नाटक नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं ज्याच्याखाली दबून मेले, ते त्यांच्या डोक्यात राहिलंच नव्हतं. मग त्यांचा चेहरा उजळला. "हां हां! शाल दिली होती मी तुझ्या आईला. आठवलं. दिली होती ना?"

"दिली नव्हती," मी म्हटलं. "बदल्यात डबा घेतलात."

शिपाई चहाचे कप उचलत होता, तो थांबला.

मॅडमनी कागद आवरले. आवाज खाली आणला. "मी दुसऱ्या कुणाला सांगते गेटचं. आणि तुझी नेमणूक अजून कायम व्हायचीय. ती फाईल माझ्याच टेबलावर आहे. विसरू नकोस."

"नाही विसरले," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला सांगा. मी त्याच्या शेजारी उभी राहते."

पदवीदान उद्या आहे. नारायणपेठीला आत्ताच इस्त्री केली. पदर उलटा घेणार आहे, रफूची जागा वर येईल असा. दुरून दिसावी म्हणून. कुणी विचारलं कुणाची साडी, तर सांगणार, माझ्या आईची. कोरं पातेलं देऊन घेतलेली. धंदा काय विचारलं, तर बोहारीण. आणि नक्को म्हणायचं का नको, ते मी ठरवेन.

लुंगीतला बाप येऊ दे. रबरी चपलेतली आजी येऊ दे. चमकीच्या साडीतली आई तर येऊच दे, तिला मी स्वतः हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवणार आहे. दारात कुणाला कुणाचं कापड तपासायचंच असेल, तर आधी माझं तपासावं लागेल. माझ्या पदराला हात घालावा लागेल.

आई हलली नव्हती. मी हलणार आहे. साडी सुटली तर सुटली.